घरातले शेवटचे दहा मीटर : वाय-फाय जोडणीच्या प्रश्नाचा आढावा

छत्तीसगडमधल्या भिलाईच्या कुरुदमध्ये आज इंटरनेट मिळते की नाही, हा प्रश्न उरलेला नाही. (धमतरी जिल्ह्यातले कुरुद वेगळे, हे दुर्ग जिल्ह्यातले.) बीएसएनएलची फायबर आहे, खासगी कंपन्या आहेत, गच्चीवर लावायचे एअरफायबर आहे. तरीही घरोघरची तक्रार तीच: हॉलमध्ये पळते, मागच्या खोलीत अडते, खाली मिळते, वर मिळत नाही. कंपनीचा माणूस येतो, मोबाइलवर वेग मोजून दाखवतो आणि म्हणतो, "काका, लाइन ओके आहे." तो खोटे बोलत नाही, आणि तक्रार करणारेही नाहीत.

या विसंगतीमागे इथल्या वस्तीचा घाटही आहे. पोलाद कारखान्याची सेक्टरांची वसाहत आखून बांधलेली. कुरुद त्या आखणीबाहेरचे मूळ गाव. शहर वाढत वाढत त्याला येऊन भिडले. इथली घरे मालकांनी पैसे जमतील तशी, एकेक मजला चढवत बांधलेली आहेत. खाली मालक, वर भाडेकरू. कोहका-कुरुद रस्त्यावर अभियांत्रिकी महाविद्यालय असल्याने खोल्या घेणाऱ्यांत विद्यार्थी बरेच. असल्या घरात एक मोडेम आणि एक राउटर ठेवून सगळ्यांना पुरेल असे जाळे कसे उभारायचे, यावर जाणकारांत एकमत नाही. मतभेद कुठे आहेत, का आहेत आणि कोणते प्रश्न अजून लोंबकळत आहेत, याचा हा आढावा.

पूर्वपीठिका : फोनच्या तारेपासून फायबरपर्यंत

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेही आधी महानगरांत. लहान शहरांत ते पोहोचले डायल-अपच्या रूपाने. मोडेम फोनच्या तारेवरून नंबर फिरवायचा आणि इंटरनेट चालू असेपर्यंत घरचा फोन अडकून पडायचा. १ ऑक्टोबर २००० रोजी बीएसएनएल स्थापन झाले आणि महिनाभराने, १ नोव्हेंबरला, छत्तीसगड राज्य. नव्या राज्यातल्या बहुतेक घरांसाठी इंटरनेटचे दार म्हणजे बीएसएनएलची तांब्याची तारच होती.

खरे वळण आले जानेवारी २००५ मध्ये. आदल्या वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेगाला ब्रॉडबँड म्हटले होते. १४ जानेवारीला बीएसएनएलने 'डेटावन' सेवा सुरू केली. त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्राच्या अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याविना मोकळा केला. घरापर्यंत येणारी जलद लाइन आणि ती घरात हवेतून पसरवण्याची मुभा, या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात घडल्या. मात्र लोकांच्या मनात पहिलीच ठसली. सुरुवातीच्या मोडेमला एक तार, तारेला एक संगणक. रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड फुकट असणाऱ्या योजना होत्या, म्हणून पोरे गजर लावून उठत. घरभर वाय-फाय हवे, असे तेव्हा फारसे कोणाला वाटत नव्हते, कारण घरभर उपकरणेच नव्हती.

पुढच्या दशकात मोबाइलने चित्र पालटले. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओची ४जी सेवा आली, बरोबर तीन वर्षांनी त्याच तारखेला जिओफायबर. बीएसएनएलनेही स्थानिक भागीदारांमार्फत घरापर्यंत फायबर नेण्याचा मार्ग धरला. जुन्या केबलवाल्यांपैकी अनेकजण या धंद्यात उतरले. मग मार्च २०२० ची टाळेबंदी. एकाच वेळी एका खोलीत ऑनलाइन शाळा, दुसरीत ऑफिसची मीटिंग आणि स्वयंपाकघरात नागपूरच्या आजीशी व्हिडिओ कॉल, असे झाल्यावर पहिल्यांदा लोकांच्या लक्षात आले की लाइन चांगली असणे आणि घरात इंटरनेट चांगले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी व्याख्याही सरकत गेली: २०१३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. कंपन्या मात्र तोवर ३० ते ३०० मेगाबिटच्या योजना विकू लागल्या होत्या. अडथळा रस्त्यावरून उंबऱ्याच्या आत आला, तो याच काळात.

तीन कामे, एक पेटी

मतभेद समजून घेण्याआधी पेटीत काय चालते ते पाहायला हवे. मोडेमचे काम बाहेरून येणारा संकेत घरच्या उपकरणांना कळेल अशा रूपात आणण्याचे. तांब्याच्या तारेवर हे काम एडीएसएल मोडेम करायचा. फायबरवर ते करणाऱ्या उपकरणाला ओएनटी म्हणतात, पण बोलण्यात तोही 'मोडेम'च. राउटरचे काम आतले: प्रत्येक मोबाइल, टीव्ही, कॅमेऱ्याला घरगुती पत्ता देणे आणि सगळ्यांची ये-जा एकाच बाहेरच्या पत्त्यावरून सांभाळणे. हवेतून संकेत पसरवणे हे तिसरे काम. आज बहुतेक घरांत ही तिन्ही कामे एकाच पांढऱ्या पेटीत असतात, आणि गोंधळाची सुरुवातही तिथूनच होते. पेटी एक, म्हणून दोष कोणाचाही असो, तक्रार एकच: "नेट चालत नाही."

पेटीवरचे दिवे मात्र ही कामे वेगळी करून सांगतात. 'पॉन'चा हिरवा दिवा स्थिर असेल तर प्रकाश नीट पोहोचला आणि पेटीची नोंद कंपनीकडे झाली. तो लुकलुकत राहिला तर नोंद होत नाही. 'एलओएस' लाल झाला की फायबरमधून प्रकाशच येत नाही: तार कुठेतरी तुटली, दबली किंवा फार वाकली. हा दिवा लाल असताना पासवर्ड बदलून काही होत नाही. उलट पॉन हिरवा, एलओएस बंद आणि तरी मागच्या खोलीत अडकते, तर बहुतेक वेळा घोडे घराच्या आतच पेंड खाते आहे.

फायबरचे टोकही पाहण्याजोगे असते. घरात येणाऱ्या तारेला बहुधा हिरवा जोड असतो. त्याच्या आतले काचेचे टोक ८ अंशांत तिरपे घासलेले असते, परतणारा प्रकाश बाजूला जावा म्हणून. निळ्या जोडाचे टोक सपाट. हिरवा निळ्यात बसतो, पण टोकांमध्ये फट राहून प्रकाश वाया जातो. रस्त्यावरच्या एका तंतूतून येणारा सुमारे २.५ गिगाबिटचा प्रवाह स्प्लिटर लावून ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. ३२ घरांत वाटताना प्रकाशाची शक्ती प्रत्येक घराशी निदान १५ डेसिबलने उतरते. पेटीपर्यंत पोहोचलेल्या शक्तीचा आकडा तिच्या सेटिंगच्या पानावर दिसतो. नेहमीच्या जोडणीत तो उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या दरम्यान हवा. तो उणे २७ च्या पलीकडे गेला, तर दुरुस्ती कंपनीची.

पहिला मतभेद : कंपनीची पेटी की स्वतःचा राउटर?

पहिला पक्ष म्हणतो, कंपनीने दिलेली पेटी पुरे. तिची मांडणी कंपनीच करते. लाइनचे युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन यांची कटकट ग्राहकाला नाही. बिघडली तर बदलून मिळते. एकच पेटी म्हणजे एकच प्लग, एकच पासवर्ड. ज्या घरात मुले पुणे-बेंगळुरूला आणि आई-वडील कुरुदला, तिथे साधेपणाचे मोल वेगापेक्षा मोठे असते.

दुसरा पक्ष म्हणतो, ही पेटी कमीत कमी किमतीत बनवलेली असते. काहींचे लॅनचे दार १०० मेगाबिटचेच असते, काहींत ५ गिगाहर्ट्झ नसतोच. सॉफ्टवेअरची सुधारणा कधी येईल ते कंपनीच्या हाती. स्वतःचा राउटर घेतला तर कंपनी बदलली तरी घरचे नाव-पासवर्ड तेच राहतात. सर्वांत मोठा मुद्दा जागेचा: फायबर जिथून घरात शिरते तिथेच पेटी बसते, म्हणजे बहुधा दरवाजाजवळच्या कोपऱ्यात. स्वतंत्र राउटर एका तारेने घराच्या मध्यावर नेता येतो.

या पक्षातही पोटभेद आहेत. आदर्श म्हणून सांगितली जाते ती 'ब्रिज' पद्धत: कंपनीची पेटी फक्त मोडेम राहते, बाकी सारे स्वतःचा राउटर करतो. पण ते करू द्यायचे की नाही, हे कंपनीच्या धोरणावर आणि स्थानिक भागीदाराच्या तयारीवर अवलंबून. ब्रिज न करता राउटर जोडला की पत्त्यांची भाषांतरे दोनदा होतात. साधे पाहणे-वाचणे चालते, ऑनलाइन खेळ किंवा बाहेरून कॅमेरा पाहणे अडू शकते. म्हणून मधला मार्ग सुचवला जातो: कंपनीच्या पेटीला राउटर राहू द्यावे, तिचे वाय-फाय बंद करावे आणि स्वतःचे उपकरण 'ॲक्सेस पॉइंट' करून फक्त हवेचे काम त्याला द्यावे. त्यात पत्ते वाटणे एकाच ठिकाणी राहते.

परदेशात या वादात कायदा उतरला आहे. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला स्वतःचे मोडेम-राउटर वापरण्याचा हक्क आहे. अमेरिकेत २०१९ च्या एका कायद्याने, ग्राहक स्वतःचे उपकरण वापरत असेल तर त्याच्याकडून उपकरणभाडे घेण्यास मनाई केली. आपल्याकडे ही मोकळीक व्यवहारात कंपनीगणिक बदलते.

दुसरा मतभेद : संकेत घरभर न्यायचा कसा?

हवेतून जाणाऱ्या संकेताचे गणित सोपे, पण कडक. २.४ गिगाहर्ट्झचा संकेत भिंती बऱ्यापैकी पार करतो, मात्र पट्टा अरुंद आहे. त्यात १३ चॅनेल असले तरी ते एकमेकांवर चढलेले. एकमेकांना त्रास न देणारे तीनच, १, ६ आणि ११. शेजारच्या दहा घरांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह सगळे याच पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा ऐसपैस; ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने त्यातले ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त केले. वेग जास्त, गर्दी कमी, पण भिंतीपुढे तो लवकर दमतो.

कुरुदच्या घरात भिंती विटांच्या, छत सळयांच्या जाळीवर ओतलेल्या काँक्रीटचे. विटांची एखादी भिंत ५ गिगाहर्ट्झलाही जड जात नाही, स्लॅब जातो. म्हणूनच तळमजल्यावरच्या राउटरचा संकेत अंगणापलीकडे रस्त्यावर मिळतो, पण डोक्यावरच्या खोलीत मिळत नाही. लोखंडी कपाट, मोठा आरसा, टीव्हीची पाठ हेही संकेत अडवतात. मोबाइलवरच्या एखाद्या ॲपमध्ये संकेताची पातळी मोजली तर उणे ६७ डीबीएमपर्यंत व्हिडिओ कॉल सहसा सुरळीत चालतो; उणे ८० च्या पलीकडे रेघा दिसल्या तरी काम होत नाही. दर ३ डेसिबलला शक्ती निम्मी होते, त्यामुळे राउटर कपाटामागून काढून उघड्यावर, छातीच्या उंचीवर ठेवल्याचा फरक आकड्यांत लगेच दिसतो. जागा आधी पाहावी, यावर सर्व पक्षांचे एकमत आहे. पुढे फाटे फुटतात.

एक गट एक्स्टेंडर सुचवतो. स्वस्त, भिंतीतल्या सॉकेटला लावला की झाले. आक्षेप असा की साधा एक्स्टेंडर त्याच चॅनेलवर ऐकतो आणि त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, त्यामुळे हाती लागणारा वेग साधारण निम्मा होतो. शिवाय जिथे संकेत येतच नाही तिथे लावला तर तो पुढे देणार तरी काय? तो अर्ध्या वाटेवर, संकेत अजून चांगला आहे अशा जागी लावायचा असतो, आणि नेमके तेच होत नाही.

दुसरा गट मेश पद्धतीचा. दोन-तीन उपकरणे मिळून एकच नाव, एकच जाळे. माणूस जिना चढला की मोबाइल आपोआप वरच्या उपकरणाला जोडला जातो. सोय निर्विवाद. पण महाग आहे आणि उपकरणांमधला दुवा हवेतूनच असेल तर स्लॅब मध्ये येतोच. आपापसांत बोलायला वेगळा रेडिओ असलेले संच बरे, पण किंमत आणखी वर.

तिसऱ्या गटाचे मत जुने आणि रोखठोक आहे: तार ओढा. कॅट-६ तार १०० मीटरपर्यंत पूर्ण गिगाबिट वेग देते, स्लॅब तिला अडवत नाही आणि वरच्या मजल्यावर साधा ॲक्सेस पॉइंटही पुरतो. यावर आक्षेप व्यवहाराचे: बांधलेल्या घरात भिंत कोण फोडणार, भाडेकरूने का खर्च करायचा? बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा तांब्याच्या म्हणून स्वस्तात विकल्या जातात, हाही धोका. जोड मारताना आठपैकी चारच तंतू लागले तर तार चालते, पण १०० मेगाबिटवरच अडते. घरमालकाला वाटते योजनाच खोटी.

तिन्ही गटांचे म्हणणे आपापल्या घरापुरते खरे आहे. एकमजली, दोन-तीन खोल्यांच्या घरात नीट जागी ठेवलेला एकच राउटर पुरतो. दुमजली घरात तारेला तोड नाही, पण तार न ओढता येणाऱ्यांसाठी मेश ही तडजोड आहे. जे अजून बांधत आहेत त्यांना मात्र सगळे एकच सांगतात: विजेच्या पाइपांपासून अंतर ठेवून जिन्यालगत एक रिकामा पाइप टाकून ठेवा.

तिसरा मतभेद : फायबर की एअरफायबर?

२०२३ मध्ये आधी एअरटेलने ऑगस्टमध्ये आणि नंतर जिओने सप्टेंबरमध्ये एअरफायबर आणले. गच्चीवर टॉवरचा संकेत घेणारे एक यंत्र, तिथून घरात एक तार, पुढे नेहमीचा राउटर. समर्थक सांगतात, खांबावरून तार ओढायची वाट पाहावी लागत नाही, रस्ता खोदला किंवा झाड पडले म्हणून सेवा तुटत नाही, भाड्याच्या घरातून निघताना यंत्र उचलून नेता येते.

फायबरचे समर्थक दोन गोष्टींकडे बोट दाखवतात. टॉवरची हवा सगळ्यांत वाटलेली असते. संध्याकाळच्या गर्दीत वेग खाली येऊ शकतो. दुसरे, जिओच्या काही एअरफायबर जोडण्या परवानामुक्त ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतात, म्हणजे घरच्या वाय-फायच्याच गल्लीत. यावर उत्तर असे की फायबरही स्प्लिटरने वाटलेलीच असते आणि गर्दीचा फटका तिलाही बसतो, फक्त कमी. जिथे चांगली फायबर उपलब्ध आहे तिथे ती घ्यावी, हे मत प्रबळ आहे. पण स्लॅबखाली संकेत पोहोचत नाही, ही अडचण एअरफायबर सोडवत नाही. त्यासाठी लाइन बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

वीज आणि पाऊस

याबाबत वाद थोडा, अनुभव भरपूर. तांब्याच्या काळात पावसाळ्यातल्या विजांनी फोनच्या तारेवरून येऊन मोडेम जाळले. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे तो मार्ग बंद झाला. पण तारेला आधार देणारी लोखंडी तार आणि घरचा प्लग हे मार्ग उरतात. म्हणून गडगडाट सुरू झाला की प्लग काढण्याची सवय अजून शहाणपणाची आहे.

दुसरा फायदा वीज गेल्यावर कळतो. रस्त्यावरच्या फायबरच्या स्प्लिटरला वीज लागत नाही. कंपनीच्या टोकाला बॅटरी असेल तर घरी फक्त पेटी चालू ठेवायची असते, आणि ती बहुधा १२ व्होल्टवर चालते. छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घेताना ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहावे; व्होल्ट चुकला तर पेटी जळू शकते, अँपिअर कमी पडले तर ती पुन्हा पुन्हा बंद-चालू होते. मोडेम आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही आधार लागतो. एकाच पेटीच्या बाजूने पडणारा हा एक साधा मुद्दा.

सुरक्षितता : एकमत कुठवर?

या विषयाची गांभीर्याने दखल घेणे भाग पडले ते नवी मुंबईतल्या एका घटनेने. २६ जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांच्या काही मिनिटे आधी आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग सानपाड्यातल्या एका घरच्या जोडणीपर्यंत लागला. घरात राहणाऱ्या परदेशी गृहस्थाची चौकशी झाली. पुढे स्पष्ट झाले की त्याचे वाय-फाय दुसऱ्यांनीच वापरले होते. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांना ग्राहकांचे वाय-फाय सुरक्षित करून घेण्याच्या सूचना दिल्या. जोडणी ज्याच्या नावावर, पहिली विचारणा त्याच्याकडे, हे तेव्हापासून सर्वांना कळले.

तांत्रिक बाजू अशी: १९९७ च्या मूळ मानकातले 'वेप' कुलूप २००१ मध्येच फुटले. २००४ चे डब्ल्यूपीए-२ बराच काळ टिकले. २०१७ मध्ये त्यातही त्रुटी निघाली आणि सुधारणा आल्या. २०१८ पासून डब्ल्यूपीए-३ आहे. जुना टीव्ही किंवा स्वस्त कॅमेरा नवे कुलूप ओळखत नसेल तर दोन्ही चालतील अशी मिश्र मांडणी ठेवावी लागते. डब्ल्यूपीएसची बटण-पिन पद्धत बंद ठेवावी, यावर दुमत नाही. तिच्या पिनमधली कमजोरी २०११ मध्येच उघड झाली.

घरातले लोक वाय-फायचा पासवर्ड जपतात, पेटीच्या सेटिंगचा विसरतात. तो कारखान्यातून येतो तसाच राहतो. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या हजारो मोडेमवर हल्ला झाला, तो मुख्यतः या न बदललेल्या पासवर्डांमुळे. कंपनीलाच ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगावे लागले. मतभेद आहे तो पुढे: हे काम ग्राहकाचे की पेटी देणाऱ्याचे? प्रत्येक पेटीला वेगळा पासवर्ड देऊनच ती घरात पाठवावी, असे एक मत. वापरणाऱ्याला समजलेच नाही तर कोणतेही कुलूप निरुपयोगी, असे दुसरे.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न जबाबदारीचा. दूरसंचार नियामक ट्रायने २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम केले. ते १ ऑक्टोबरपासून लागू झाले. लाइनचा दर्जा मोजण्याची चौकट त्यात आहे. पण उंबऱ्याच्या आत, स्लॅबच्या वर काय मिळते, ते कोणी मोजायचे? कंपनी म्हणते, पेटीपर्यंत आमचे. ग्राहक म्हणतो, पेटी तुमचीच, वाय-फायही तुमचेच, मग हात का झटकता? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीनुसार तारांकन देण्याचे नियमही काढले. मोठ्या संकुलांत त्याचा उपयोग होईल. मालकाने एकेक मजला चढवलेल्या घरापर्यंत तो कसा पोहोचेल, हे पाहायचे आहे.

दुसरा प्रश्न वाटणीचा. वरच्या खोल्यांतल्या विद्यार्थ्यांना घरमालकाने आपलेच वाय-फाय द्यावे का? भाड्यात धरून द्यावे, असा व्यवहार सर्रास चालतो. पण सानपाड्याचा धडा असा की उत्तर मालकालाच द्यावे लागते, आणि जोडणी पुढे विकण्यास कंपन्यांच्या अटी सहसा मनाई करतात. 'गेस्ट' नेटवर्क वेगळे ठेवले तर घरचे कॅमेरे आणि संगणक सुरक्षित राहतात, पण जबाबदारी वेगळी होत नाही. प्रत्येक भाडेकरूने स्वतंत्र जोडणी घेतली तर हा प्रश्न सुटतो, पण एकाच छपराखाली चार राउटर २.४ गिगाहर्ट्झच्या तीन चॅनेलवर भांडू लागतात.

तिसरा प्रश्न ६ गिगाहर्ट्झचा. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये या पट्ट्यातले १२०० मेगाहर्ट्झ वाय-फायसाठी खुले केले, युरोपने पुढल्या वर्षी ४८०. भारतात मे २०२५ मध्ये खालच्या ५०० मेगाहर्ट्झसाठी मसुदा नियम आले. वरचा भाग मोबाइल सेवांसाठी राखावा, असे दूरसंचार कंपन्यांचे म्हणणे. उपकरण आणि तंत्रज्ञान कंपन्यांना तोही वाय-फायसाठी हवा. गर्दीच्या महानगरी इमारतीत हा वाद निर्णायक आहे. कुरुदच्या घरात त्याचा लाभ एका खोलीपुरता, कारण हा संकेत भिंतीपुढे ५ गिगाहर्ट्झपेक्षाही लवकर थकतो.

चौथा प्रश्न पत्त्यांचा. जुन्या पद्धतीचे पत्ते अपुरे पडल्याने अनेक कंपन्या बऱ्याच घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. त्यामुळे नागपूरला बसून कुरुदच्या घराचा कॅमेरा थेट पाहण्याची जुनी रीत चालत नाही. कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरमार्फत जावे लागते, आणि मग आपले चित्रण कोणाच्या हाती, ही शंका येते. नव्या आयपीव्ही६ पत्त्यांत यावर उत्तर आहे आणि त्यांच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे. मात्र जुने कॅमेरे आणि राउटर त्यासाठी तयार नसतात.

पाचवी शंका आरोग्याची, घरात लहान मूल असले की हमखास निघणारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना 'कदाचित कर्करोगकारक' गटात ठेवले. त्या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, एवढाच. राउटरची शक्ती कमी असते आणि अंतर वाढले की ती झपाट्याने उतरते. पाळण्याशेजारी राउटर न ठेवण्याने काही बिघडत नाही, पण त्यासाठी वाय-फाय बंद ठेवण्याचा आधार आजवरच्या पुराव्यात नाही.

आज कुठे आहोत

गेल्या वीस वर्षांत वाद 'कोणाची लाइन?' वरून 'घरात कशी?' वर आला आहे. जागा, पासवर्ड आणि जमेल तिथे तार, एवढ्यावर व्यवहारात एकमत दिसते. पेटी कोणाची, मेश की तार, भाडेकरूंना द्यावे की नाही, यांची उत्तरे घराच्या बांधणीवर, खिशावर आणि घरात कोण राहते यावर ठरतात. एकच उत्तर सगळ्यांना लागू करण्याचा आग्रह कोणत्याच पक्षाला शेवटपर्यंत टिकवता आलेला नाही.

सगळ्या पक्षांना मान्य होईल अशी एक चाचणी मात्र आहे, आणि तिला खर्च नाही. लॅपटॉप लॅनच्या तारेने थेट पेटीला जोडावा, बाकीची उपकरणे बंद करावीत आणि वेग मोजावा. १०० मेगाबिटच्या योजनेत फाइल उतरण्याचा वेग सेकंदाला १२ मेगाबाइटच्या आसपास दिसला पाहिजे, कारण एका बाइटमध्ये आठ बिट. लॅपटॉप आणि पेटी यांची लॅनची दारे योजनेहून हळू नाहीत एवढे आधी पाहावे. इथेही वेग कमी दिसला तर तक्रार कंपनीकडे, आकड्यासह. पूर्ण दिसला तर लाइन बदलू नये, योजना वाढवू नये. राउटरची जागा, मध्ये येणारी भिंत आणि वरचा स्लॅब पाहावा. "लाइन ओके आहे" आणि "नेट चालत नाही" ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी कशी, याचा उलगडा त्या एका तारेने होतो. पुढचा खर्च कोणी करायचा, हा वाद उरेलच. पण तो निदान योग्य जागेवर होईल.